दोन स्पीकर आणि बाबांचा खर्ज

शनिवारी चार वाजता आमच्याकडे ऐकायला या, असं भिंगरीने सरांना ठणकावून सांगितलं तेव्हा तिच्या घरात स्पीकर नावाची वस्तू एकच होती. ती म्हणजे तिच्या फोनच्या बुडाशी असलेली बारीक भोकांची रांग.

पण शब्द तोंडातून निघून गेला होता. आणि यंदा भिंगरीच्या तोंडातून शब्द जरा जास्तच वेगाने निघत होते. गेल्या वर्षापर्यंत हीच पोरगी हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या आधी दोनदा खाकरायची. मग विज्ञान प्रदर्शनात तिने केलेली, टाकी भरली की वाजणारी घंटा भर गर्दीत खणखणली. परीक्षकांनी तिला तीन प्रश्न विचारले, तिने तिन्हींची उत्तरं दिली आणि वर चौथा प्रश्न उलट त्यांनाच विचारला. त्या दिवसापासून जी गाडी सुटली ती थांबायचं नावच घेईना. भिंगरी हे अर्थात घरचं नाव. ती एका जागी पाच मिनिटं बसली तर आई कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघायची.

तर झालं होतं असं. तिचे बाबा दिवसा इलेक्ट्रिशियन आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवणारे. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजात बोलणारी गिटार. गाण्याचा खर्ज ती धरते आणि टाळ्या दुसऱ्यांना मिळतात. त्यांचा तिघांचा वाद्यवृंद होता. गाणारे आणि कीबोर्ड वाजवणारे होते मास्तर, म्हणजे भिंगरीच्याच शाळेतले गणिताचे सर. ड्रमवर डॉक्टरकाकू. त्या दिवसभर कुत्र्यांना आणि गाईंना सुया टोचायच्या आणि त्याचं उट्टं संध्याकाळी ड्रमवर काढायच्या.

गेल्या आठवड्यात तिघांनी मिळून सरांनी अगदी सुरुवातीला रचलेलं एक गाणं चांगल्या खोलीत, चांगल्या माइकवर रेकॉर्ड केलं. बुधवारी तालमीला भिंगरी बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला गेली, तर तिथे तेच चाललं होतं.

“वायरमन, रागावू नकोस,” सर बाबांना म्हणत होते, “पण मी ते चार वेळा ऐकलं. तू आहेस कुठे त्यात?”

“मी तुझ्या शेजारीच तर उभा होतो की!”

“ते पाहिलं मी. ऐकू कुठे येतोयस?”

बाबा हसले. पण ते हसू कसं होतं, तर शिंक येता येता राहते तसं.

“माझ्या नव्या कीबोर्डवर डाव्या हाताने खर्ज वाजवता येतो,” सर म्हणाले. “पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं स्टेजही बारकं आहे. मी म्हणतो, आम्ही दोघं भागवून नेऊ. तुलाही तेवढीच विश्रांती.”

विश्रांती! गेली दोन वर्षं दर मंगळवारी आणि बुधवारी भिंगरीचे बाबा ज्या गोष्टीसाठी जेवण अर्ध्यावर टाकून पळत होते, तिच्यातून विश्रांती! डॉक्टरकाकू ड्रमच्या काड्या उगाच एकमेकींवर घासू लागल्या. बाबा चष्मा पुसत बसले. आणि भिंगरी, जिला कुणी काही विचारलंही नव्हतं, ती मध्येच तोंड घालून मोकळी झाली.

“सर, तुम्ही ऐकलंत कशावर?”

“फोनवर. का?”

“मग तुम्ही ऐकलंच नाहीत! फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. त्यातून खर्ज येईलच कसा? शनिवारी चार वाजता आमच्याकडे ऐकायला या. मोठ्या स्पीकरवर. आणि मग सांगा बाबा कुठे आहेत ते.”

सरांनी भुवया उंचावल्या. वर्गात ते अशा भुवया उंचावत तेव्हा समोरच्याची बेरीज चुकलेली असे. “ठीक आहे. चार वाजता. नाही ऐकू आला, तर मग मी म्हणतो तसं.”

“चालेल,” बाबांच्या आधी भिंगरीच म्हणाली.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो हाच. “अगं, पण स्पीकर कुठायत आपल्याकडे?”

“मामाकडे!”

आणि खरंच होते. मामा लहान घरात राहायला गेला तेव्हापासून त्याची जुनी गाण्याची यंत्रं त्याच्या पलंगाखाली धूळ खात पडली होती. फोन केला तर तो आनंदाने ओरडलाच. “ने गं बाई, ने! तुझ्या मामीचा पाय रोज त्यांना आपटतो आणि बोलणी मला बसतात.”

शुक्रवारी संध्याकाळी मामा स्वतः खोकी टाकून गेला. गुडघ्याएवढे दोन लाकडी स्पीकर आणि एक काळा, जड, चपटा डबा. हा रिसीव्हर. त्याच्या तोंडावर बटणंच बटणं होती, पाठीला भोकंच भोकं. त्याचं काम असं की एका बाजूने गाणं आत घ्यायचं, त्याला बळ द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने स्पीकरांकडे धाडायचं. माहितीपुस्तक हरवलेलं. स्पीकरच्या मूळच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या.

“तारांची चिंता तू करूच नकोस,” बाबा म्हणाले. “तो माझा प्रांत.”

आणि तिथेच सगळं घोडं पेंड खायला लागलं होतं, पण ते शनिवारी दुपारपर्यंत कुणालाच कळायचं नव्हतं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. एक वाजता भिंगरी धापा टाकत घरी पोचली आणि दारातच थबकली. बाबांनी सकाळचं एक काम पुढे ढकलून स्पीकरचं सगळं वायरिंग उरकून टाकलं होतं. आणि काय उरकलं होतं! तार म्हणून दिसत नव्हती. रिसीव्हरच्या मागून दोन पांढऱ्या पट्ट्या भिंतीच्या कडेकडेने निघाल्या होत्या, कोपऱ्यात काटकोनात वळल्या होत्या, एक दाराच्या चौकटीवरून गेली होती, आणि दोन्ही स्पीकरांच्या पाठीशी गुपचूप उतरल्या होत्या. गवंड्याची पाण्याची लेव्हल लावून बघितलं असतं तर बुडबुडा मधोमध थांबला असता.

“लोंबकळणारी वायर म्हणजे इलेक्ट्रिशियनचं नाक कापलेलं,” बाबा शिडी घडी करत म्हणाले. “आणि आत काय घातलंय माहितीये? अस्सल जाड तांबं. बंगल्याच्या कामातलं उरलं होतं. दर पट्टीत दोन तारा, दोन्ही एकसारख्या राखाडी, एकाच रिळाच्या. बघ!”

“बाबा, तुम्ही ग्रेट आहात!” भिंगरी म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

आई टपाल कचेरीत गावांप्रमाणे पत्रं लावायचं काम करायची. ती शनिवारची अर्धी पाळी संपवून नुकतीच आली होती. तिने पट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “छान आहे. चिठ्ठ्या कुठे लावल्यात?”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“कुठली तार कुठे जाते त्याच्या. आमच्याकडे एक पिशवी बिनचिठ्ठीची सुटली तर साहेब जीव घेतात.”

“अहो बाई, तार आहे ती, पत्र नाही. दोन्ही टोकं पोचली की झालं!”

भिंगरीने फोन रिसीव्हरला जोडला, प्लग लावला, बटण दाबलं. डब्याच्या तोंडावर हिरवा दिवा लागला आणि तिघंही एकदम “आहा!” म्हणाले. तिने गाणं लावलं.

काही नाही. चिडीचूप.

तिने आवाजाची चकती फिरवली. आणखी फिरवली. बाबांनी खिशातून मीटर काढलं, दोन्ही तारा तपासल्या आणि म्हणाले, “तार कुठे तुटलेली नाही. माझ्याकडून सगळं पक्कं आहे.” भिंगरी डब्यासमोर पालथी पडली. एकेक बटण, एकेक अक्षर वाचत गेली. गाणं कुठल्या भोकातून घ्यायचं ते ठरवणारी एक चकती होती, तिच्याभोवती पाच-सहा शब्द लिहिलेले आणि काटा गाण्याच्या जुन्या तबकडीच्या नावावर. तबकडी! या घरात तबकडी कुठली? फोन जोडला होता सीडीच्या भोकात.

“अहो, हा डबा चुकीच्या दाराशी कान लावून बसलाय!” ती ओरडली आणि तिने काटा सीडीवर आणला.

धाड्! गाणं असं फुटलं की आईच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. आवाजाची चकती मघाशी शेवटापर्यंत फिरवलेली होती ना! पण एका सेकंदात ‘टक्’ झालं, हिरवा दिवा गेला, लाल लागला आणि पुन्हा शुकशुकाट.

“जळला!” आई म्हणाली.

“नाही जळला,” बाबा म्हणाले. इलेक्ट्रिशियनला वासावरून कळतं. त्यांनी नाक डब्याला लावून हुंगलं. “स्वतःला वाचवायला बंद झालाय. आपल्या घरचा फ्यूज उडतो तसा. कुठेतरी तारेला तार चिकटतेय.”

प्लग काढून भिंगरी टॉर्च घेऊन डब्याच्या पाठीमागे शिरली. तिथे लाल आणि काळे असे खटके होते. खटका दाबायचा, तार आत घालायची, सोडायचा. आणि एका लाल खटक्यातून तांब्याचा एक केस, अक्षरशः केसाएवढा धागा, बाहेर डोकावून शेजारच्या काळ्याला जाऊन टेकला होता. तिने तो चिमट्याने खुडला आणि विजेत्यासारखा वर धरला. “सापडला चोर!”

“शाब्बास गं माझ्या वाघिणीला!” बाबांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुन्हा डब्यामागे गेली.

अडीच वाजले होते. आवाज बेताचा करून तिने गाणं पहिल्यापासून लावलं. बाबा समोरच्या खुर्चीत बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसतात तसे. या गाण्याची सुरुवातच त्यांची होती. पहिल्या दोन ओळींइतका वेळ दुसरं कुणी वाजवतच नाही, नुसता बाबांचा खर्ज चालतो. मग ड्रम येतो, मग सर.

दूर कुठे कुणी पुठ्ठा खाजवतंय, असं काहीसं ऐकू आलं. मग ड्रम आला, तोही पत्र्याच्या डब्यासारखा. मग सरांचा आवाज, तो तर कुठून येतोय तेच कळेना. इकडून नाही, तिकडून नाही, जणू भिंतीत चिणलेला. आणि खर्ज? नाहीच. फोनवर जसा नव्हता तसाच इथेही नाही.

गाणं संपलं. बाबा उठले. कोपऱ्यात उभी असलेली गिटार त्यांनी उचलली, तारांवरून एकदा फडका फिरवला आणि तिला तिच्या पेटीत ठेवलं. दोन्ही कड्या लावल्या. खट्. खट्.

“मास्तर बरोबर म्हणतोय,” ते म्हणाले. “बोटं दुखेपर्यंत वाजवतो मी, आणि ऐकू आलं तर फक्त मलाच येतं. चार वाजता चहा देऊ त्यांना आणि संपवू.”

“बाबा, थांबा ना! अजून दीड तास आहे!”

“अगं, दीड तासात काय मी पुन्हा वाजवून येऊ?”

हे काही भिंगरीला सहन होईना. हा खड्डा तिनेच खणला होता. ती मध्ये बोलली नसती तर बाबांना निदान “फोनवर ऐकू येत नाही” असं तरी म्हणता आलं असतं. आता मोठ्या स्पीकरवरही येत नाही म्हटल्यावर बोलायला जागाच उरली नाही. तिने भराभर सगळं उलटंपालटं केलं. खर्ज वाढवायची चकती शेवटापर्यंत फिरवली, काही नाही. स्पीकर भिंतीला टेकवले, पुन्हा पुढे ओढले, काही नाही. मामाला फोन लावला.

“माझ्याकडे तर खिडक्या थरथरायच्या गं,” मामा म्हणाला. “शेजारी भांडायला यायचे. त्यातला एखादा गेला असेल बघ आता. म्हातारे झालेत.”

एखादा गेला असेल! मग कुठला गेला ते तरी बघू. रिसीव्हरवर डावी-उजवी वाटणी करणारी एक चकती होती. तिने ती पार डावीकडे नेली. उजवा स्पीकर गप्प, एकटा डावा चालू.

धुम्. धुम्-धुम्. धुम्.

भिंगरीच्या तळपायाला गुदगुल्या झाल्या. फरशीतून! स्वयंपाकघरात आईच्या डब्यांची झाकणं किणकिणली. तो आवाज असा होता की कानाच्या आधी तो छातीला कळत होता.

“आई गं! आहे! बाबा आहेत यात!”

म्हणजे उजवा बिघडलाय. तिने चकती पार उजवीकडे नेली. आता एकटा उजवा.

धुम्. धुम्-धुम्. धुम्.

तोही ठणठणीत! मग तिने चकती मधोमध आणली, दोन्ही चालू. खर्ज गायब. पुन्हा पुठ्ठा. डावीकडे, आला. उजवीकडे, आला. मध्ये, गेला. तिने हे सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच. तिच्या अंगावर काटा आला. अवघड गणित समोर आलंय आणि ते आपल्याला सुटणार आहे, असं आतून वाटायला लागतं तेव्हाचा काटा.

दोघं वेगवेगळे वाजले तर खर्ज आहे. एकत्र वाजले की नाही. मग दोघं एकमेकांचा खर्ज खातायत! का खातील? ती खोलीभर फेऱ्या मारू लागली. पलंगावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. रविवारी ती आणि आई गच्चीवर चादर झटकायच्या. दोघींनी एकदम वर उचलली की चादर टम्म फुगायची. पण आई वर आणि ही खाली असं झालं की मध्ये काहीच नाही. हवा तिथल्या तिथे. चादर मेल्यासारखी.

“एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय,” ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने. मग किंचाळून. “बाबा! एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय!”

“कोण कुणाला?”

“स्पीकर! त्याचा पडदा पुढे-मागे हलतो ना? एकाचा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातोय! म्हणून खोलीतली हवा तिथल्या तिथे! बाबा, डब्याच्या लाल खटक्यातली तार स्पीकरच्याही लालमध्येच गेलीय ना, दोन्हीकडे?”

बाबांनी खांदे उडवले. “अगं, दोन तारा आहेत. एक इथे, एक तिथे. पंखा असो, दिवा असो, कुठलीही कुठेही लाव, चालतो. बोर्डात कुठली तार कुठे ते मी बघतो, पण इथे काय शॉक बसणार आहे कुणाला?”

“पण स्पीकर म्हणजे दिवा नाही ना!”

“वीस वर्षं वायरिंग करतोय मी, भिंगरे.”

“आणि दोन्ही तारा राखाडी,” आई दारातून म्हणाली. “एकसारख्या. बिनचिठ्ठीच्या.”

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर आत गेली असती. आई तिथेच उभी राहिली.

आणि नेमकी तेव्हा दाराची घंटा वाजली. चाराला वीस मिनिटं कमी होती, आणि दारात सर आणि डॉक्टरकाकू!

“लवकर आलो,” डॉक्टरकाकू म्हणाल्या. “याला दम निघेना. माझ्या दवाखान्यात येऊन बसला होता, समोर एक कुत्रा उलट्या करतोय आणि हा मला वेळ विचारतोय.”

सर आत आले, पट्ट्यांकडे बघून “वा!” म्हणाले आणि खुर्चीत टेकले. “हं. लावा.”

“पाच मिनिटं, सर!” भिंगरीने रिसीव्हरचा प्लग काढला होता आणि ती डब्यामागून तारा उपसत होती.

“काय झालंय?”

“सर, एक अधिक एक शून्य येतंय.”

“माझ्या तासाला असं बोलली असतीस तर बाकावर उभी केली असती.”

“आत्ता दाखवते ना!” ती स्टुलावर चढली आणि तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याच्या पाठीतला सेल काढला.

“माझ्याकडे मीटर आहे, टेस्टर आहे, पेटीभर हत्यारं आहेत,” बाबा कुणाला तरी साक्षीला धरावं तसे म्हणाले, “आणि ही घड्याळाचा सेल काढते.”

“मीटर सांगतं तार पोचली का. कुठली पोचली ते नाही सांगत. बाबा, तुम्हीच करा. मी पडदे बघते.” तिने दोन्ही स्पीकरांच्या तोंडावरची जाळी ओढून काढली. आत कागदाचा मोठा वाटीसारखा पडदा होता. “लाल खटक्यातली तार, मी टोक वाकवून ठेवलंय ती, सेलच्या टोपीला लावा, काळ्यातली बुडाला. नुसती टेकवा.”

बाबांनी डाव्या स्पीकरच्या तारा सेलला टेकवल्या. ‘टप्’ असा आवाज झाला आणि वाटी टुणकन पुढे आली. डॉक्टरकाकू खाली वाकल्या. “अगं बाई, श्वास घेतल्यासारखं!”

“आता उजव्याच्या. तशाच.”

बाबांनी उजव्याच्या तारा उचलल्या. भिंगरी गुडघ्यांवर बसली, नाक वाटीपासून वीतभर दूर. सरही खुर्चीच्या कडेला आले. ‘टप्’.

वाटी आत गेली.

“पुन्हा,” सर म्हणाले.

टप्. आत. टप्. आत. चष्मा कपाळावर नेऊन बाबा स्वतः वाकून बघायला लागले. त्यांनी चौथ्यांदा केलं. पाचव्यांदा केलं. मग ते दाराच्या चौकटीवरून गेलेल्या त्या सरळसोट देखण्या पट्टीकडे बघत राहिले. आतून कुठली तार कुठे निघाली ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“उलटी लावली मी,” ते म्हणाले. “माझाच आवाज मीच पुसून टाकला. स्वतःच्या हाताने. वर पट्टी मारली.”

“आणि लेव्हलमध्ये मारली,” आई म्हणाली.

डॉक्टरकाकू फिस्सकन हसल्या. बाबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबेना. “हसा, हसा. इलेक्ट्रिशियनच्या घरात वायरिंग चुकलंय. गल्लीत सांगू नका म्हणजे मिळवलं.” असं म्हणता म्हणता त्यांची बोटं चाललीच होती. डाव्याच्या तारा होत्या तशाच बसवल्या, उजव्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, टोकं पिळून घट्ट केली आणि एकही केस बाहेर डोकावत नाही ना हे टॉर्चने तीन वेळा तपासलं. आईने कुठूनसा जाड कागदाचा तुकडा आणि दोरा आणून लाल खटक्यातल्या तारेला चिठ्ठी बांधली.

भिंगरीने प्लग लावला. हिरवा दिवा लागला. वाटणीची चकती तिने मधोमध आणली, अगदी खाच लागेपर्यंत. तिने फोनवर अंगठा टेकवला. आता नाही आलं तर?

धुम्.

खोलीच बदलली! पहिल्याच ठोक्याला खिडकीच्या काचेने हुंकार दिला. धुम्-धुम्. धुम्. बाबांचा खर्ज फरशीवरून चालत आला, जाड आणि गोल, घाई नाही, गडबड नाही, एखादा भला माणूस रोजच्या वाटेने चालत यावा तसा. मग ड्रम आला आणि बरोब्बर त्याच पावलावर पाऊल टाकून चालू लागला. मग सरांचा आवाज, आणि तो भिंतीत नव्हता, दोन स्पीकरांच्या अगदी मध्ये होता, जणू सर तिथे स्टुलावर बसलेत. सर आपल्याच आवाजाकडे, म्हणजे रिकाम्या हवेकडे, टक लावून बघत होते.

“अरे!” डॉक्टरकाकू ओरडल्या. “माझा पायाने वाजवायचा ड्रम आणि याचा खर्ज एकत्र पडतोय! दोन वर्षं मला वाटत होतं माझा पाय कुणी ऐकतच नाही!”

“मी ऐकतो की,” बाबा म्हणाले. “त्याच्यावरच तर चालतो मी.”

भिंगरी नाचत होती. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचू नये हे तिला माहीत होतं, तरी ती नाचत होती. आईची झाकणं स्वयंपाकघरातून साथ देत होती. सर मात्र डोळे मिटून बसले होते. एक बोट गुडघ्यावर चाललं होतं. पहिलं कडवं गेलं. सरांचं बोट चालूच. दुसरं कडवं सुरू झालं आणि अचानक ते बोट थांबलं.

“थांब! थांबव! मागे घे जरा.”

भिंगरी फोनवर झेपावली. तिने मागे घेतलं. सरांनी ऐकलं, डोळे उघडले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“वायरमन, इथे सुरांनी खाली उतरायचंय. तू वर काय करतोयस?”

“मी... मी नेहमी तसंच वाजवतो.”

“नेहमी? म्हणजे कधीपासून?”

“पहिल्यापासून,” बाबा म्हणाले.

“दोन वर्षं! दोन वर्षं तू दुसऱ्या कडव्यात माझ्या चालीचा असा चुराडा करतोयस, आणि मला पत्ता नाही?”

“तू कधी ऐकलंच नाहीस ना मला, मास्तर.”

डॉक्टरकाकूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं. सर त्यांच्याकडे रागाने बघायला गेले आणि त्यांचाच बांध फुटला. शाळेतले सर असे हसू शकतात हे भिंगरीने पहिल्यांदाच पाहिलं. दात दिसत होते सगळे! हसणं ओसरलं तसं त्यांनी रुमालाने मान पुसली आणि आवाज पुन्हा वर्गातला केला.

“मंगळवारी अर्धा तास लवकर ये. गिटार घेऊन. हे कडवं बसल्याशिवाय तुला स्टेजवर पाय ठेवू देणार नाही, सांगून ठेवतो.”

“म्हणजे स्टेजवर जागा आहे तर?” आई ट्रे घेऊन येता येता म्हणाली.

“कीबोर्ड सरकवू थोडा,” सर चहा उचलत म्हणाले. “आणि डाव्या हाताला सुट्टी. असला खर्ज कीबोर्डातून येत नाही, वहिनी. चुकीचा का असेना.”

बाबांचे कान लालबुंद झाले होते. भर घरात, बायकोपोरीसमोर, गणिताच्या मास्तरांनी त्यांची चूक पकडली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू पहिल्या नंबराचं बक्षीस मिळालंय. ते खुर्ची ओढून थेट स्पीकरांच्या समोर जाऊन बसले.

“भिंगरे,” ते म्हणाले, “दुसरं कडवं पुन्हा लाव. मोठ्याने.”